मडक्यातली राख

एसटीत मडकं घेऊन कधी चढू नका, आत्ताच सांगून ठेवतो.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही भाताच्या तुसापासून सिरॅमिकचे नॅनोकण बनवतो. जहाल ॲसिडऐवजी लिंबाच्या रसात तूस धुवायचं, वाळवायचं आणि पांढरीशुभ्र राख होईपर्यंत जाळायचं. त्या दिवशी वडिवळे गावात तूस जाळून केलेली राख अजून गरमच होती. प्लॅस्टिकची पिशवी वितळली असती, म्हणून मडक्यात भरली आणि तोंडाला फडकं बांधलं.

कामशेतला चढलो, तर गाडी एकदम गप्प. एकानं उठून जागा दिली. कंडक्टर हळूच म्हणाला, "आळंदीला का?"

शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी मडक्याला हात जोडले. "कोन गेलं रं बाबा?"

"अहो मावशी, अस्थी नाहीत या! भाताचं तूस जाळलंय."

मला वाटलं, आता सगळी गाडी हसणार. मावशी हसल्या नाहीत.

"भाताची राख व्हय? मंग हात जोडलं त्ये बरुबरच. कार्ल्यात आमी भाताची खाचरं इकली, तितं बंगलं झालं. तवा भातासाटी कुनी रडलंबी न्हाई."