बारा दिवसांचं पाणी

(बेबीताई मोताळ्यात, आपल्या घरी. त्यांची मुलगी काजल गेल्या वर्षी नवरा आणि पाच वर्षांच्या रेणुकाला घेऊन इंग्लंडला राहायला गेली आहे. दोघी मोबाइलवर एकमेकींना दिसत आहेत.)

बेबीताई : मी तं शेजारच्या सुवर्णाले सांगून बसली, आमच्या काजलनं तिकडे बगीच्यात पूल बांधला म्हून.

काजल : बांधला नाही गं, फुगवला. प्लास्टिकचा असतो. हवा भरायची, पाणी भरायचं आणि पोरांनी त्यात बसायचं.

बेबीताई : मंग हौद म्हण ना. थे बिचारी इचारत होती, खालून नदी कोणती वाह्यते.

काजल : बरं, हौद.

बेबीताई : दाखव बरं. हं. त्याच्यावर काय झाकलं थे?

काजल : चादर.

बेबीताई : अन् चादरीवर इटा?

काजल : चारच आहेत. वाऱ्यानं उडते.

बेबीताई : तिकडे नळ किती दिवसानं येते?

काजल : येत नाहीत. म्हणजे, जातच नाहीत. कधीही सोडा, पाणी असतंच.

बेबीताई : मंग झाकून काऊन ठेवलं?

काजल : काय माहीत. शेजारीण रोज संध्याकाळी तिच्या पोरांचा हौद गवतावर ओतून देते, दुसऱ्या दिवशी नवीन भरते. मला नाही जमत. आठवडाभर तेच पाणी ठेवते, मग बादलीनं झाडांना घालते. धम्मरत्न हसतो मला. म्हणतो, मोताळा सुटलं, नळ काही सुटला नाही.

बेबीताई : जावई बराबर बोलते. रेणुका कुठी हाय? एवढं ऊन पडलं, अन् पोरगी हौदात नाही?

काजल : घरात आहे. धम्मरत्नला म्हणते, त्यात बसणार नाही. कालपासून माझ्याशी बोलत नाही.

बेबीताई : काय केलं तू?

काजल : तिनं बूच काढलं काल. पाणी कसं जातं ते पाहायचं होतं म्हणे. मी भांडी घासत होते. बाहेर येऊन पाहते तर अर्धा हौद गवतात. मी मारलं तिला, आई. पाठीत, दोनदा.

बेबीताई : लय जोरात?

काजल : हो. आणि मारताना ओरडले, बारा दिवसाचं पाणी नासवलं म्हणून.

बेबीताई : तिथं कुठचे आले बारा दिवस?

काजल : तेच ना. तिला कळलंच नाही मी काय म्हणतेय. ते तुझं बोलणं होतं. मी तिसरीत होते. नळ येऊन गेले होते, आपला हौद काठोकाठ भरला होता, आणि मी फ्रॉकसकट आत उतरले.

बेबीताई : शेणाचे पाय होते तुह्ये.

काजल : तुला आठवतं?

बेबीताई : न आठवाले काय झालं? सारा हौद उपसला मी. बारा दिवस वावरातल्या इहिरीवरून डोक्यावर पाणी आणलं. मारतानी मले काहीच नाही वाटलं. मंग तुले न्हाऊ घालतानी पाठीवर बोटं दिसले, तवा वाटलं.

काजल : कधी बोलली नाहीस.

बेबीताई : काय बोलू? त्या बारा दिवसात बोलाले टाइम कुठी होता? अन् मंग राहूनच गेलं.

काजल : मी हा हौद आणला, तो हिनं तरी मनसोक्त खेळावं म्हणून. आता ती त्याच्याजवळसुद्धा जात नाही. मी हात पुढे केला की दचकते. मले नाही पाह्यवत, माय.

बेबीताई : किती दिवसानं माय म्हणली. दे, तिच्याजवळ मोबाइल दे.

काजल : रेणुका, आजी आहे. बोल.

रेणुका : आजी, मी नाही जाणार त्यात. पाणी सांडलं की आई मारते.

बेबीताई : नको जाऊ. हे पाह्य, आज आमच्याकडे नळ आले होते. हा माहा हौद. दिसला का?

रेणुका : फुल भरलाय.

बेबीताई : थांब, मोबाइल खिडकीत ठेवतो. आता मी दिसतो का?

रेणुका : हो. आजी, तू त्यात पाय का टाकतेस?

काजल : आई, काय करून राह्यली तू? उतर खाली.

बेबीताई : काठावर बसली फक्त. दोन्ही पाय गेले आत.

काजल : अगं, नळ आता बारा दिवसांनी येतील.

बेबीताई : माहीत हाय मले. रेणुका, लय थंड हाय वं हे. तुह्या हौदातलं असंच हाय का?

रेणुका : मला माहीत नाही.

बेबीताई : मंग पाय टाकून पाह्य, अन् सांग मले. मी बसतो इथंच.

रेणुका : आई, विटा काढ.