ढेपेचा शिनेमा

(लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानामागची भट्टी. बजरंग कढईत गुळाचा पाक घोटतोय. उर्स्याहून आलेली त्याची थोरली बहीण कस्तुरा पोत्यावर टेकलीय.)

बजरंग : त्ये ऱ्हाऊ दे. शिनेमा बघून दादाला लोक काय म्हनले, त्ये सांग आधी.

कस्तुरा : अरं, दम तर खाऊ दे. तळेगावपातूर चालत आलेय, तितनं गाडीत उभ्यानं. इंदुरीला किल्ल्यापाशी शिनेमाचा तंबू लागला म्हनून मी मुद्दाम म्हायेरी गेलते. समदं गाव लोटलेलं. पैला शिनेमा समद्यांनी बघितलेला ना, त्यो म्हातारा मिठाईवाला, बर्फीची घरं, उडनाऱ्या जिलब्या. ह्या दुसऱ्यात त्येचं ल्हानपन हाये म्हनल्यावर पोरं काय घरात ऱ्हात्यात व्हय?

बजरंग : म्हातारा त्यांचा. ल्हानपन माजं. त्यो शिनेमा लिव्हनारा सायब ह्याच पोत्यावर बसून घिऊन गेलाय. चार दीस येत व्हता. चिक्की खायचा आनि इचारायचा, बजरंग, तू भट्टीवर आलास कसा? म्या समदं सांगितलं. गुळाची ढेप चोरल्याचा आळ घिऊन दादानं मला खांबाला बांधलं, गाव गोळा करून दावलं, घराभाईर काढलं. म्हनलं, सायब, भाऊ हाये तसाच दावा, उलीसा बी कमी नगं.

कस्तुरा : येवढं कशाला रं सांगायचं?

बजरंग : कशाला म्हंजी? बावीस वर्सं मी गावात पाऊल टाकलं न्हाई. म्हनलं मी न्हाई तर शिनेमा जाईल. समद्या गावानं बघावं आनि भिमाजीदादाच्या तोंडावर थुकावं. थुकले का?

कस्तुरा : हसले.

बजरंग : कुनाला?

कस्तुरा : भावालाच. ह्ये येवढं प्वाट त्येचं, मिशी पाकात चिकटती, मग समद्या पळ्या त्येच्याभवती फेर धरत्यात. धोंडाबाई म्हनली, असला भाऊ असता तर रोज तिकीट काढलं असतं. पोरं गल्लीत तसंच प्वाट काढून चालत्यात. सखाराम मास्तर म्हनला, पैल्यापरीस ह्यो डावा. गानी जास्त, आनि त्यो धाकटा निस्ता रडतोय.

बजरंग : खांबाला बांधल्यावर काय नाचायचं का त्यानं?

कस्तुरा : नाचतोच की. बांधलेला असतानाच नाचतो. खांब बी नाचतो.

बजरंग : आनि दादा?

कस्तुरा : म्होरंच बसलेला. डोळ्यात पानी येस्तवर हसला. असला मानूस कुटं असतो व्हय, म्हनला.

बजरंग : मग सांगायचं की तितंच, ह्यो तूच हायेस म्हनून.

कस्तुरा : सांगनार व्हते. तोंड उघडंना.

बजरंग : अजून भेतीस त्येला?

कस्तुरा : त्येला न्हाई. शिनेमातली ती बहीण बघितली. तू सायबाला तिचं बी सांगितलंस.

बजरंग : सांगनारच. त्या घरात माज्यासंगं नीट वागनारं येकच मानूस व्हतं. तू मला गुळाचा खडा दिलतास, त्ये बी सांगितलं. त्यावर गानं केलंय म्हनला.

कस्तुरा : लय ग्वाड गानं हाये. बाया डोळं पुसत व्हत्या. समद्यात चांगली ती बहीणच, म्हनल्या. मला बसवंना. कनातीखालनं भाईर आले.

बजरंग : येवढं काय झालं तुला?

कस्तुरा : त्यो खडा कुटला व्हता रं, बजा?

बजरंग : वान्यानं वर टाकलेला. तूच म्हनलीस.

कस्तुरा : ढेपेतला व्हता.

बजरंग : कुटल्या ढेपेतला?

कस्तुरा : माज्या लग्नाला आनलेल्या. दोन म्हैने मी ती खालनं पोखरत व्हते. वरनं गोनपाट तसंच. तू येकदा बघितलंस मला खाताना, म्हनून तुला खडा दिला. दादानं झडती घेतली तवा तुज्या मुठीत त्योच घावला.

बजरंग : म्या तुजं नाव घेतलं न्हाई.

कस्तुरा : ठावं हाये.

बजरंग : मार खाल्ला, तरी न्हाई घेतलं. नवरीचं नाव उगा चोरीत आलं तर लगीन मोडंल म्हनून.

कस्तुरा : ठावं हाये रं. दाराआड हुबी व्हते मी. अंगाला हळद लागलेली. भ्याले. मग पुढं पुढं सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाई.

बजरंग : दर दिवाळीला येतीस. हितं बसून माज्यासंगं दादाला शिव्या देतीस.

कस्तुरा : व्हय.

बजरंग : माज्यापरीस जास्त देतीस.

कस्तुरा : व्हय. पाक बघ, करपंल.

बजरंग : माजा पाक करपत न्हाई.

कस्तुरा : कायतरी बोल बाबा. त्ये उलथनं मार मला, पन बोल.

बजरंग : सोमवारी सायब येनार हाये. पोराचं मोटं हुईपातूरचं मधलं ऱ्हायलंय, त्येचा आनिक येक शिनेमा काढायचाय त्येला. घरच्यांचं पुढं काय झालं, इचारत व्हता.

कस्तुरा : मग काय सांगशील त्येला?

बजरंग : पोरास्नी चिक्की घिऊन जा. म्होरं दुकानातनं बांधून घे.

कस्तुरा : बजा, माजं काय सांगशील?

बजरंग : धाकट्याला बहीण न्हवती म्हनून सांगीन.