उकळलेलं पाणी

शिवकांत : ...चौघं आडवे पडले, आई! माणिकच्या हळदीत मी एकटाच ताठ. एकेकाला गाडीवर घालून चुडाव्याहून पूर्णेला आणून सोडलो. मला चढतच न्हाई, त्याला मी काय करू?

शांतम्मा : पिऊन गाडी हाणलास! आता आरती ओवाळू का तुझी?

शिवकांत : बियरच होती. तूच म्हणतीस ना, अप्पा काविळीनं गेले, बाहेरचं पाणी पिऊ नको? बाटली सीलबंद असती. तिच्यात कुठून शिरायली कावीळ?

स्वप्ना : ऐकायलीस का, आई? दवाखान्यात ड्यूटीवर लय शहाणे बघते मी. असला न्हाई बघितला! किती पिलास रे?

शिवकांत : सहा. डोकंबी दुखलं न्हाई.

स्वप्ना : आन् मागच्या वर्षी?

शिवकांत : दोन-तीन. ताई, घरात नर्सगिरी नको.

स्वप्ना : अरे, दुसरी पोरं दोन बाटल्यांत आडवी होतात, म्हणून थांबतात. तुला आतून कुणी थांब म्हणतच न्हाई. त्याचीच तर भीती हाय. आई, तू सांगतीस का मी सांगू?

शांतम्मा : तू गप बस.

स्वप्ना : बारा वर्षं गप हाय! तू ह्याला पाणी उकळून देतीस, गळ्यात काविळीची माळ घालतीस, उसाचा रस पिऊ देत न्हाईस. आन् हा बघ, काय पिऊन आलाय!

शिवकांत : काय चाललंय तुमचं?

शांतम्मा : शिवा... तुझे अप्पाबी असंच सगळ्यांना घरी आणून सोडायचे.

शिवकांत : म्हणजे?

शांतम्मा : लग्न कुणाचंबी असू दे, सगळे आडवे, हे ताठ. लोक म्हणायचे, बसवंतरावाला चढतच न्हाई. मला कौतुक वाटायचं रे, मेलीला! चाळिशीत डोळे पिवळे झाले, तवा डॉक्टर म्हणले, दारूनं लिव्हर गेलं. गळ्यात लिंग बांधणारं घर आपलं. अकरा वर्षांच्या लेकराला काय सांगू? मीच कावीळ म्हणले.

स्वप्ना : पिणाऱ्या बापाच्या सगळ्याच पोरांचं असं होत न्हाई, शिवा. पण आपल्या घरात धोका जास्तच हाय.

शिवकांत : आन् आज्जा? तेबी काविळीनंच गेले म्हणलीस तू.

शांतम्मा : हां. तीच कावीळ.

(बाहेर मोटरसायकलचा हॉर्न. पुन्हा हॉर्न.)

स्वप्ना : तुझे दोस्त आलेत. माणिकच्या लग्नाला न्यायला.

शिवकांत : ...आई, पाणी दे.

शांतम्मा : थांब, आत्ताच उकळलंय. निवू दे.

शिवकांत : नळाचंच दे.