रंगूनची सून आणि रोवणी

परदेशी सुनेला सरकार इथं राहू देतं का, असं विचारताय ना, तर आमच्या आजीचं ऐका. स्वराज्य नुकतंच आलं होतं. माझा मामा रंगूनहून बर्मी बायको घेऊन आमच्या आजोळी, फुलचूरला आला. तिला इथं राहायला दरसाल पोलीस ठाण्याचा परवाना लागे. एका उन्हाळ्यात ठाण्यातला जमादार चौकशीला घरीच आला आणि आजीला म्हणाला, "तुमची बहू वापस कधी जाणार?"

आजीला वाटलं, माहेरपणाचं विचारतोय. गावात प्रत्येक सासूला हे विचारतात आणि उत्तरही ठरलेलं असतं. "धानाची रोवणी झाली का जाईल," ती म्हणाली. जमादारानं परवाना रोवणीपर्यंतचाच, म्हणजे पावसाळ्यातल्या भातलावणीपर्यंतचाच दिला.

रोवणी झाली आणि तो दारात हजर. "मुदत संपली, आता पाठवा."

मामीचा चेहरा उतरला. आजीनं मात्र त्याला चहा दिला. "धाडतो ना. पण आमच्यात सून एकटी जात नाही, तिचा भाऊ न्यायले येते. तो आला का धाडतो."

जमादारालाही बहिणी असाव्यात. चहा संपवून त्यानं परवाना वाढवून दिला. पुढं दरसाल तो एवढंच विचारी, "भाऊ आला काय?"

मामीला भाऊच नव्हता. आजीला ते ठाऊक होतं.