बाभळीच्या वाटेवरचा नवा ट्रक

आष्ट्याच्या स्टँडवर सांगलीच्या एसटीसाठी रांगेत उभ्या असलेल्या उमाबाईंच्या मागे दोघे ट्रकवाले बोलत होते.

"नानासो, ऊस आणायला बाभळीच्या रानातनं गेलास, आन् नव्या ट्रकला एक ओरखडा न्हाई?"

"दोन्ही अंगांनी गोधड्या बांधल्या गड्या. रंग आरशावानी हाय."

"आन् गोधड्या?"

"चिंध्या झाल्या. सासूनं लग्नात शिवून दिलेल्या."

"वैनीला ठावं हाय?"

"न्हाई. सांगलीला माहेरी गेलीया. तिलाच आणायला निघालोय."

"मग ट्रक सोडून एसटीनं?"

"आरं, रागाला आली की हाताला लागंल ते भिरकावती. परतताना एसटीतच सांगून टाकतो. सरकारी गाडीला ओरखडा पडला तर पडू दे."

उमाबाई मागे वळल्या.

"दादा, परत कोणत्या गाडीनं येणार आहात?"