टीव्हीत घर बघाय गेलतो

...अवो पण पाणी कोण देणार? तेवढं सांगा की मला! घर बघाय गेलेल्या माणसाला दारात तांब्या देत्यात का न्हाय? पाय धुवा म्हणत्यात, या बसा म्हणत्यात... आणि हितं आमी चौघं नवी कापडं घालून, आमच्याच घरात, आमच्याच टीव्हीम्होरं बसलोय, आणि म्हणे घर बघाय आलोय! तुम्हास्नी सांगतो, मी पयल्यापास्नं बोंबलत हुतो, घर पायानं बघायचं असतंय, बोटानं न्हाय! पर ऐकतंय कोण?

म्हंजे झालं काय, आमची दिव्या. एकुलती एक पोरगी, बेळगावात कंपनीत नोकरीला. तिला स्थळ आलं. सन्मती म्हणून पोरगा, आमच्याच समाजातला, चिकोडीकडचा. शिकल्याला, सुपारीचं खांडबी तोंडात टाकत न्हाय. हिकडचं घर दोन मजली, बोरला पाणी, आईबाप गरीब स्वभावाचे. सगळं ब्येस. खरं पोरगं ऱ्हातंय कुठं? इंग्लंडात! आता तुम्ही आपली माणसं म्हणून सांगतो, मला नकोच म्हणायचं हुतं. अवो, शनवारी पोरगी घरला येती ती बेळगावची बस धा मिन्टं उशीर झाली तर मी निपाणी स्टँडावर जाऊन हुबा ऱ्हाणारा माणूस, ती पोरगी समिंदरापल्याड धाडू? पर तोंडावर न्हाय म्हणायची चोरी. म्हणून मी डोस्कं चालवलं. म्हंटलं, "आमच्यात पोरगी जिथं नांदणार ते घर बघितल्याबिगर सुपारी फुटत न्हाय." मनात म्हंटलं, आता इंग्लंडला कोण जातंय घर बघाय? मिटलं!

कुठलं मिटतंय! मध्यस्थ भरमूअण्णा, त्यो मांडी थापटून म्हणतोय, "त्यात काय रायाप्पा! पोरगं ज्या जुन्या, तिकीट काढून बघायच्या बंगल्यात कामाला हाय त्यो अख्खा बंगला टीव्हीवर फिरून बघाय मिळतोय. त्याचं फोटो काढायचं कामच पोराकडं हाय! आणि मागं घोड्याच्या पागा हुत्या, तिथंच त्याला खोली दिलीया." घोड्याच्या पागंत? आरं वा! मला तर बसल्या जाग्यावर खोट घावली की! म्हंटलं, लावा, बघू.

ऐतवारी सकाळी दहाला बसलो. मी, माझी बायको मंगल आणि माझी थोरली भन चंपाआक्का. तिघं झालो. तिघांनी शुभकामाला जाऊ ने, म्हणून चौथा भरमूअण्णा. दिव्या लॅपटॉप घिऊन चालवायला, पर तिला धरायचं न्हाय, पोरगी सोताचंच सासर बघाय जात असती व्हय? आक्कानं ठेवणीतलं शहापुरी लुगडं नेसलंतं आणि पिशवीत नारळ. मी म्हंटलं, "आक्का, नारळ कुणाला देणार? टीव्हीला?" तर म्हणती, "आसूंदे रं. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ ने."

आणि काय सांगू, ते दार! आमच्या गावच्या वेशीएवढं! दिव्यानं बोट लावलं की दार आपोआप मागं गेलं आणि आमी आत. ना उंबरा, ना काय. "आप्पा, ह्यो दोनशे वर्सापूर्वीचा दिवाणखाना. त्या इंग्रजी मालिकेत राणीच्या काळातल्या पोरी हितंच नाचत्यात बघा." हिला आणि हिच्या आईला ती मालिका तोंडपाठ. मी वर बघितलं... छत पार आभाळात. मी शेतकरी माणूस, माझ्या मनात काय आलं? हितं पाचशे बोद, म्हंजे पाचशे गठ्ठं तंबाकू बसंल, वारंबी खेळतंय, ओल लागायची न्हाय! आणि बसायला बघावं तर एकेक कोच असा मखमलीचा, आणि त्याच्याम्होरं लाल दोरी बांधल्याली. म्हंजे बसायचं न्हाय! अवो, ज्या घरात पाव्हण्याला बसू देत न्हाईत तिथं पोरगी द्यायची?

बरं, फुडं जायाचं तर जमिनीवर बाण असत्यात. बाणाला बोट लावलं की माणूस उडून थेट फुडच्या खोलीत! आक्का वरडती, "अगं हळू, हळू, मला गरगराय लागलंय!" एकदा तर दिव्याचं बोट घसरलं आणि आमी चौघंबी छताला टांगल्यागत... वर उघडीवाघडी पोरं चितारल्याली, त्यास्नी पंख! मी खोकलो आणि टोपी नीट केली. म्हणून म्हणतो, घर पायानं बघायचं असतंय, बोटानं न्हाय!

मग झोपायची खोली. पलंगाला चारीबाजूनी पडदं. आक्का लगीच, "डास लई दिसत्यात तिकडं." मी म्हंटलं, लिहून घे भरमूअण्णा, डास. मग पत्र लिवायची खोली. नुसती पत्र लिवायला येगळी खोली! भित्तीवर त्यांच्या वाडवडलांचे फोटू, एकबी हसत न्हाय, सगळी वाटणीला बसल्यागत. आणि मी हळूच इचारलं, "व्हय गं दिव्या, आपल्यात दिस मावळायच्या आत जेवत्यात. तिकडं दिस कवा मावळतोय?" तर म्हणती, "आप्पा, थंडीत चारलाच मावळतोय, उन्हाळ्यात साडेनऊला." घ्या! म्हंजे थंडीत माझ्या पोरीनं तीनला रातचं जेवायचं! भरमूअण्णा, लिही, जेवणाचं वांदं!

माझं असं बेस्टपैकी चाललंतं. खोटीवर खोट. आणि मग आक्का बोलली. "सगळं बघितलं. चूल कुठाय?" दिव्या म्हणती, "आत्या, सैपाकघर तळघरात हाय, जुनी भांडीच हाईत नुसती. त्यापरास बाग बघूया, तळं हाय, हंस हाईत..." आक्का म्हणती, "हंस काय भाकरी थापत्यात? चूल दाव." "आत्या, त्यो बाण चालत न्हाय." "मगाधरनं चालत हुता, आताच काय झालं त्याला?" पोरीच्या कपाळाला घाम. मला काय कळंना. मंगलकडं बघतोय तर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलीया.

तर तुम्हास्नी सांगतो, ज्या आक्कानं जल्मात फोनला धड हात लावला न्हाय, तिनं लॅपटॉप मांडीवर वडला आणि टक, टक, टक... जिना उतरून डायरेक सैपाकघरात! आमी बघतच ऱ्हायलो. "भजनी मंडळातल्या बायका मोबाईलवर रोज कुठल्याबी देवळात जात्यात," म्हणती, "मी काय आंधळी हाय व्हय?"

आता सैपाकघर मात्र सैपाकघर हुतं. चूल अशी हातभर उंच, भित्तीला तांब्याची पातेली वळीनं, थोरल्यापास्नं बारक्यापर्यंत, चकाचक. मधी लाकडाचं लांबडं टेबल. आक्का एकेक भांडं मोठं करून बघती. आणि त्या टेबलाच्या पार कडंला, मोठ्या घंगाळाच्या मागं, काय तर चमाकलं. आक्कानं मोठं केलं. अजून मोठं केलं. अवो... तीन पुडाचा स्टीलचा डबा! दोनशे वर्सापूर्वीच्या इंग्रजाच्या सैपाकघरात! आणि त्याच्या पोटावर टिंब टिंब टोचून नाव घातल्यालं. आक्कानं चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, "चि. दिव्या हिस आत्याकडून सप्रेम भेट."

 

आता ह्या डब्याची कथा तुम्हास्नी सांगाय पायजे. दिव्या नोकरीला लागली तवा आक्कानं निपाणीत भांड्याच्या दुकानात हुबं ऱ्हाऊन त्यावर नाव घालून घेतलंतं. वरसात पोरगी रडत घरला आली, "डबा बसमधी ऱ्हायला." आक्कानं दोन दिस जेवान गोड लागू दिलं न्हाय. आणि मी? मी चार दिस स्टँडावर कंट्रोलरच्या खिडकीला! त्यो बिचारा रजिस्टर उघडून परतेक खेपंला सांगतोय, "डब्बी सिक्किल्ल री!" म्हंजे डबा घावला न्हाय. आणि मी त्याला, त्या कंडक्टरला, त्याच्या आज्याला, काय काय म्हणून बोललो न्हाय! भर स्टँडावर चोर म्हंटलं, चोर! आणि डबा कुठं? राणीच्या टेबलावर!

मी दिव्याकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत म्हणती, "आप्पा... त्यो इंग्लंडला निघाला तवा वाटेत खायाला दिलता. आमी बेळगावात कोर्सला एकत्र हुतो. फोटो काढताना डबा उचलायचा ऱ्हायला." म्हंजे स्थळ आलं न्हवतं, स्थळ आणलंतं! भरमूअण्णा छताकडं बघाय लागला, म्हंजे ह्यालाबी म्हाईत. मी म्हंटलं, "डब्यात काय दिलतंस?" तर मंगल पटकन म्हणती, "शेंगाची चटणी आणि धपाटी." मग जीभ चावली. म्हंजे हिनं भरून दिलता! अख्ख्या घरात डबा हरवला हुता फकस्त मला आणि आक्काला!

मला वाटलं, आता आक्का फुटणार. सप्रेम भेट हाय, चेष्टा न्हाय. मी तिच्या तोंडाकडं बघतोय, आता माझ्याबाजूनं एक माणूस हाय म्हणून. तर आक्का टीव्हीच्या आणि जवळ गेली. डबा बघितला. झाकाण बघितलं. कडी बघितली. आणि म्हणती, "एकबी डाग न्हाय रं. पोरगं डबा घासून ठेवतंय. दोन वर्सं संबाळलंय." मग वळून, "रायाप्पा, दे पोरगी."

मी म्हंटलं, "अगं आक्का, डास! घोड्याची पागा! चारला दिस मावळतोय!" म्हणती, "मग तीनला जेवंल. तू गप." मी म्हंटलं, "त्याला आधी डबा परत दे म्हणावं." तर आक्का पिशवीतला नारळ काढून टीव्हीम्होरं ठेवत म्हणती, "रिकामा डबा परत देत न्हाईत आपल्यात. चटणी पुरंना म्हणून डबा देणारणीलाच बलवालाय त्यो." दिव्या हसली आणि लगीच रडली. मलाबी... आता लपवून काय करू, मलाबी रडू आलं. उठून घरामागं परड्यात गेलो. खोट काढाय बसलेल्या माणसाला लॅपटॉपमधल्या डब्यानं चीत केलं. पायानं गेलो असतो तर त्यो पोरगा सगळं आवरून बसला असता, डबा दिसलाबी नसता. घर बोटानं बघितलं, म्हणून घावलं. बोलायची सोय ठेवली न्हाय मला!

खरं माझं एक देणं ऱ्हायलंतं. सोमवारी मी एक नारळ घिऊन स्टँडावर गेलो. पायानं. त्योच कंट्रोलर. मला बघितल्यावर त्यानं गुमान रजिस्टर उघडाय घेतलं. मी हात जोडलं. म्हंटलं, "सायेब, डब्बी सिक्तु री. घावला. चुकलं माझं." त्यो म्हणतोय, "बरं झालं. कुठं घावला?" मी म्हंटलं, "इंग्लंडात."

त्यानं माझ्याकडं बघितलं. नारळाकडं बघितलं. रजिस्टर मिटलं आणि म्हणतोय, "मामा, तरी मी तुम्हाला तवाच सांगत हुतो. आमची गाडी बेळगावपर्यंतच जाती. त्याच्या फुडं आमची जिम्मेदारी न्हाय."

मी म्हंटलं, "आता माझीबी तेवढीच ऱ्हायली, सायेब."