फ्रान्सचा कायदा, ओहायोचं सिंक

घरातल्या कायद्यांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या मंदारचं सांगतो. पुण्यातल्या माझ्या मित्राचा मुलगा. २००७च्या समरमध्ये आमच्याकडे डब्लिनला राहायला होता. आयर्लंडमधलं नव्हे, आपलं ओहायोतलं. युरोपातल्या स्वस्त विमान कंपन्यांवर रिसर्च करायचा आणि रोज जेवताना आम्हाला लेक्चर द्यायचा.

एकदा म्हणाला, "काका, कंपनी आयर्लंडची, क्रूचा करार आयर्लंडचा. पण विमान रोज रात्री फ्रान्समध्ये उभं राहतं, क्रू तिथेच राहतो, म्हणून फ्रान्स म्हणतं, आमचे कामगार कायदे पाळा. ही निव्वळ दादागिरी आहे यार!"

एवढं बोलून, हात धुवून साहेब टीव्हीकडे निघाले. ताट टेबलावरच.

"मंदार, ताट घासून ठेव," माझी बायको शुभा म्हणाली.

"काकू, आमच्याकडे आई मला ताट उचलूसुद्धा देत नाही."

"तो पुण्याचा करार झाला. रोज रात्री झोपतोस कुठे?"

"इथे."

"मग इथला कायदा."

मी टेबलावर हात आपटून हसलो. मंदार ताट घेऊन सिंकपाशी गेला, पण गडी हार मानेना. माझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाला, "मग काकांना का नाही हा कायदा? तेही इथेच झोपतात!"

शुभाने शांतपणे माझं ताट उचललं.

"काका म्हणजे आमची सरकारी विमान कंपनी. वर्षानुवर्षं तोट्यात चालते, पण घरची आहे, बुडू देता येत नाही."